ज्येष्ठांवर प्रबंध करताय? एथिक्स कमिटीच्या मंजुरीसाठी अर्ज कसा करायचा

वृद्धशास्त्र, समाजकार्य, गृहविज्ञान, नर्सिंग, मानसशास्त्र, विषय कुठलाही असो. प्रबंधासाठी साठीपुढच्या माणसांना त्यांच्या तब्येतीबद्दल, मनःस्थितीबद्दल प्रश्न विचारणार असाल, तर एथिक्स कमिटीची (संशोधनात माणसांना इजा किंवा अन्याय होत नाही ना हे तपासणाऱ्या समितीची) लेखी मंजुरी आधी हवी. मुलाखती उरकून मागाहून मंजुरी मिळत नाही, गोळा केलेली माहिती वाया जाते.

अर्ज विद्यार्थ्याचा असला तरी मार्गदर्शकाची सही लागते. कॉलेजची स्वतःची कमिटी नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या कमिटीकडे जाता येतं, पण त्यासाठी दोन्ही संस्थांमध्ये लेखी करार लागतो. तो विद्यार्थ्याच्या हातात नसतो, म्हणून विषय ठरला की त्याच आठवड्यात चौकशी करा.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार छाननी तीन प्रकारची असते: सूट (छाननीतून मोकळीक), जलद आणि पूर्ण बैठकीतली. देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यास संस्थेकडून ज्येष्ठांच्या 'लासी' या देशव्यापी पाहणीची नावं-पत्ते काढलेली माहिती मागवून (पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त जण आहेत) तिच्यावरच काम करणार असाल, तर सूट मिळू शकते. पण सूट आहे हे कमिटी ठरवते, आपण नाही, त्यामुळे अर्ज तरीही करायचाच. वृद्धाश्रमात राहणारे किंवा स्मृतिभ्रंश असलेले लोक अभ्यासात असतील तर पूर्ण बैठक धरूनच वेळापत्रक आखा.

कागदपत्रं अशी: अर्जाचा नमुना, मार्गदर्शकाच्या सहीचं पत्र, संशोधन आराखडा, प्रश्नावली, माहितीपत्रक आणि संमतीपत्र (इंग्रजी व मराठी दोन्ही), भाषांतराचा दाखला, तुमचं व मार्गदर्शकाचं परिचयपत्र, खर्चाचा तपशील, हितसंबंध नसल्याचं निवेदन, आणि वृद्धाश्रम किंवा दवाखान्याचं परवानगीपत्र. प्रमाणित चाचणी वापरत असाल तर तिचे हक्क तपासा. वृद्धांतील नैराश्याची १५ प्रश्नांची जीडीएस चाचणी खुली आहे; स्मरणशक्ती तपासणाऱ्या एमएमएसई चाचणीवर मात्र स्वामित्वहक्क आहे, परवानगी घ्यावी लागते.

एवढं सगळं जोडूनही अर्ज परत येतात, ते बहुतेक संमतीपत्रामुळे. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांचं पत्र म्हणजे रहिवाशांची संमती नव्हे. त्या पत्राने तुम्हाला फाटकातून आत जाता येतं, इतकंच. पुढे प्रत्येक आजी-आजोबांना स्वतंत्रपणे, व्यवस्थापक जवळ नसताना विचारायचं. आणि विचारायचं त्यांच्या भाषेत. 'सदर अभ्यासातील सहभाग पूर्णतः ऐच्छिक स्वरूपाचा असून' हे वाक्य काढून टाका. त्याजागी लिहा: 'तुम्हाला नको वाटलं तर नाही म्हणा. मधेच थांबावंसं वाटलं तरी थांबा. तुमच्या जेवणावर, औषधांवर, खोलीवर त्याचा काही परिणाम होणार नाही.' आश्रमात राहणाऱ्या माणसाच्या मनात भीती नेमकी तीच असते. कमिटीवर एक सामान्य नागरिक सदस्य असतो. त्याला एका वाचनात कळेल असा मजकूर हवा. अक्षर मोठं ठेवा आणि कागद वाचून दाखवायची तयारी ठेवा.

लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा चालतो, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक साक्षर, तटस्थ साक्षीदार हजर हवा आणि त्याची सही हवी. तुमचा वर्गमित्र माहिती गोळा करायला आला असेल तर तो तटस्थ नाही. स्मृतिभ्रंशामुळे निर्णय घेता येत नसेल तर कायदेशीर प्रतिनिधीची संमती घ्यायची. तरीही त्या व्यक्तीने मान हलवून नको म्हटलं तर थांबायचं. नुसतं ऐकू कमी येतं म्हणून मुलाची सही घेणं चूक आहे. संमतीपत्राची एक प्रत त्यांना द्यायची.

मुलाखतीत कोणी रडू लागलं, नैराश्याचे गुण जास्त आले किंवा घरच्या छळाची गोष्ट निघाली तर काय करणार, हे आराखड्यात लिहा. समुपदेशकाचं किंवा मानसोपचार विभागाचं तयारीचं पत्र जोडा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन माहितीपत्रकावर छापा.

वयाचा पुरावा हाही नेहमीचा अडथळा. आपल्याकडे असंख्य ज्येष्ठांची कागदावरची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच लिहिली. त्यामुळे 'आधारवरील वय' एवढ्यावर थांबू नका. पानशेतचा पूर (१९६१), कोयनेचा भूकंप (१९६७), बहात्तरचा दुष्काळ यांच्या वेळी तुम्ही केवढे होता, लग्न झालं होतं का, असं विचारून वयाचा अंदाज कसा पडताळणार, ते पद्धतीच्या भागात दोन ओळींत लिहा. पण आधारची झेरॉक्स गोळा करू नका. वयासाठी तिची गरज नसते आणि गोपनीयतेचा प्रश्न उभा राहतो.

मंजुरी मिळाल्यावर प्रश्नावलीत एक प्रश्न जरी वाढवला, आश्रम बदलला किंवा अभ्यासातल्या लोकांची संख्या वाढवली, तर बदलाचा अर्ज पुन्हा द्यावा लागतो. मंजुरीपत्रावरची मुदत बघा. काम लांबणार असेल तर ती संपण्याआधी प्रगती अहवालासह नूतनीकरण मागा. सह्या-अंगठ्यांची संमतीपत्रं प्रश्नावल्यांपासून वेगळ्या कुलूपबंद कपाटात ठेवायची आणि प्रबंध सादर झाल्यावरही किमान तीन वर्षं जपायची.