निवडलेले आणि वगळलेले: ख्रिस्ती पूर्वनियोजन-सिद्धांताची पार्श्वभूमी

कोणाचे तारण, म्हणजे पापातून सुटका, करायची हे देवाने जगाच्या उत्पत्तीपूर्वीच ठरवून ठेवले आहे, या ख्रिस्ती शिकवणीला पूर्वनियोजन असे म्हणतात. आपल्याकडच्या वाचकाला हे ऐकताच प्रारब्ध आठवते, परंतु प्रारब्ध म्हणजे ज्याच्या त्याच्या पूर्वकर्माचे फळ, तर पूर्वनियोजनाच्या कडक मांडणीत माणसाच्या कर्माला, मग ते घडलेले असो वा पुढे घडणारे, निर्णयात स्थानच नाही. देव निवड करतो हे ख्रिस्ती परंपरेत सहसा कोणी नाकारले नाही. दीड हजार वर्षे भांडण चालत राहिले ते, ज्यांची निवड झाली नाही त्यांच्याविषयी काय म्हणायचे, यावरून.

'आधीच नेमणे' या अर्थाचे ग्रीक क्रियापद बायबलच्या नव्या करारात अवघे सहा वेळा येते, आणि त्यांपैकी एकाही ठिकाणी कोणाला नरकासाठी नेमल्याचा उल्लेख नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल दुःख सोसणाऱ्या विश्वासणाऱ्यांना धीर देतो आहे: देवाने ज्यांना आधीपासून ओळखले त्यांना नेमले, बोलावले, नीतिमान ठरवले. अडचण येते ती नवव्या अध्यायात. तेथे याकोब आणि एसाव ही जुळी भावंडे जन्मण्याआधीच, काही बरेवाईट करण्याआधीच, एकाची निवड होते. देव फारोचे, म्हणजे मिसरच्या राजाचे, मन कठीण करतो. आणि तक्रार करणाऱ्याला, मातीच्या गोळ्याने कुंभाराला जाब विचारावा काय, असा उलट प्रश्न येतो. मात्र पौलापुढचा मूळ प्रश्न इस्राएल लोकांपैकी बहुतेकांनी येशूला का स्वीकारले नाही हा होता, आणि अकराव्या अध्यायाच्या अखेरीस तो सर्वांवर दया करण्याच्या देवाच्या हेतूपाशी येऊन थांबतो. नवव्या अध्यायावर हिरिरीने लिहिणाऱ्या पुढच्या अनेकांनी तिथवर वाचायची तसदी घेतली नाही, असे म्हणावेसे वाटते.

सुरुवातीच्या ग्रीक आचार्यांनी हा पेच पूर्वज्ञानाच्या आधारे सोडवला होता: कोण विश्वास ठेवील हे देवाला आधीच दिसते आणि त्यानुसार तो निवडतो. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन यानेही आधी काहीसे असेच लिहिले, परंतु 396 च्या सुमारास रोमकरांस पत्राचा पुन्हा अभ्यास करताना त्याचे मत बदलले. विश्वास हीसुद्धा देवाचीच देणगी असेल, तर ती काहींनाच का मिळते, याचे कारण माणसात सापडणार नाही. मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीने देवाच्या आज्ञा पाळू शकतो असे मानणाऱ्या पेलागियसाशी झालेल्या वादात ही भूमिका अधिक टोकदार झाली. सारी मानवजात आदामाच्या पापात बुडालेली आहे. त्यातून देव काहींना दयेने बाहेर काढतो, उरलेल्यांना न्यायाने तिथेच राहू देतो. मग चुकणाऱ्याला रागे तरी का भरायचे, असा प्रश्न हद्रुमेतुमच्या मठातल्या साधूंनी केला, आणि तो अगदी रास्त होता. 529 मध्ये दक्षिण गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) ओरांज येथील धर्मसभेने ऑगस्टीनची कृपेची शिकवण स्वीकारली, पण देवाने कोणाला दुष्टतेसाठी नेमले आहे, असे म्हणणाऱ्यांचा तिने स्पष्ट धिक्कार केला.

हे कुंपण ओलांडल्याचा ठपका नवव्या शतकात गॉटशाल्क या सॅक्सन संन्याशावर आला. लहानपणीच वडिलांनी त्याला फुल्डाच्या मठाला वाहून टाकले होते. मोठेपणी त्यातून सुटण्याचा त्याचा प्रयत्न मठाधिपती राबानुस याने हाणून पाडला. स्वतःच्या इच्छेला न विचारता आयुष्य ठरवले गेलेल्या माणसाने नेमका हाच विषय आयुष्यभर धरून ठेवावा, हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. निवडलेले जीवनासाठी आणि वगळलेले शिक्षेसाठी, असे दुहेरी पूर्वनियोजन त्याने उघड शिकवले. आता माइन्झचा आर्चबिशप झालेल्या राबानुसच्या सभेने 848 मध्ये त्याला दोषी ठरवले. पुढच्या वर्षी कियर्झी येथे त्याला चाबकाने फोडून काढण्यात आले, स्वतःचे लिखाण स्वतःच्या हाताने आगीत टाकायला लावले गेले, आणि उरलेले आयुष्य त्याने ओव्हिलेच्या मठात कैदेत काढले. मत मात्र बदलले नाही.

सोळाव्या शतकात जिनिव्हातील धर्मसुधारक जॉन कॅल्विनने तेच दुहेरी रूप आडपडदा न ठेवता मांडले: काहींसाठी अनंतकाळचे जीवन, काहींसाठी अनंतकाळचा नाश, असे आधीच नेमलेले आहे. हा ठराव भयंकर आहे, असे त्यानेच लिहून ठेवले आहे. त्याच्या 'इन्स्टिट्यूट्स' या मुख्य ग्रंथाच्या 1559 च्या शेवटच्या आवृत्तीत हे विवेचन तारणाच्या अनुभवानंतर येते, देवाच्या स्वरूपाच्या प्रकरणात नव्हे. त्याचे अनुयायी ही जागा पुढे विसरले. अशा शिकवणीने देवच पापाचा कर्ता ठरतो, असे 1551 मध्ये जिनिव्हात भर सभेत म्हणणाऱ्या जेरोम बोल्सेक या वैद्याला अटक होऊन शहराबाहेर घालवले गेले.

नेदरलँड्समध्ये हा प्रश्न थेट राजकारणात शिरला. देव विश्वास पाहून निवडतो, असे मानणाऱ्या आर्मिनियस या धर्मपंडिताच्या अनुयायांनी 1610 मध्ये पाच कलमांचे निवेदन दिले. त्यांना सांभाळून घेणारा मुत्सद्दी ओल्डनबार्नेवेल्ट आणि सेनापती राजपुत्र मॉरिस यांच्यातली सत्तास्पर्धा त्यात मिसळली. 1618-19 च्या डोर्ट येथील धर्मसभेने निवेदनकर्त्यांची मते फेटाळली आणि सभा आटोपत असतानाच, 13 मे 1619 रोजी, हेग येथे सत्तरी ओलांडलेल्या ओल्डनबार्नेवेल्टचा शिरच्छेद झाला.

इंग्लंडमध्ये धर्मोपदेशक जॉन वेस्लीने 1739 मध्ये या सिद्धांतावर कडाडून हल्ला चढवला आणि त्यापायी मित्र व्हाइटफील्डशी दुरावा पत्करला. स्कॉटिश प्रेस्बिटेरियन लोकांनी मात्र हा सिद्धांत सांगणारा, सतराव्या शतकातला वेस्टमिन्स्टर विश्वासनामा जपला. 1829 मध्ये मुंबईत आलेले मिशनरी जॉन विल्सन याच परंपरेतले. त्यांच्या फ्री चर्चने 1892 मध्ये त्या बांधिलकीत सवलत दिली, तेव्हा न पटलेल्यांनी पुढच्याच वर्षी वेगळी चूल मांडली.

विसाव्या शतकात स्विस धर्मपंडित कार्ल बार्थने प्रश्नाची मांडणीच फिरवली. 'चर्च डॉग्मॅटिक्स' या आपल्या ग्रंथाच्या 1942 च्या खंडात त्याने लिहिले की निवडलेला आणि नाकारलेला हे दोन्ही एकच, म्हणजे येशू ख्रिस्त; वगळल्याची शिक्षा देवाने स्वतःवर घेतली. मग शेवटी सगळेच तरणार काय, असे टीकाकारांनी विचारले. बार्थने ते शिकवण म्हणून मांडायला नकार दिला, आणि ती आशा सोडायलाही.