अंगणवाडी केंद्राचे नेतृत्व (गोवा)

सहा वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि स्तनदा माता यांना आहार, आरोग्य व पूर्वप्राथमिक शिक्षण वाड्यावरच (वस्तीतच) मिळावे, म्हणून चालणाऱ्या अंगणवाडी केंद्राचे संचालन आणि ते करणाऱ्या व्यक्तीची जबाबदारी. शासकीय परिभाषेत ‘केंद्रप्रमुख’ असे पद नाही. केंद्र चालवणारी स्त्री ‘सेविका’ आणि तिच्या जोडीची ‘मदतनीस’ या नावांनी ओळखली जाते. दोन्ही शब्द सेवेचे आहेत, नेतृत्वाचे नाहीत. तरीही कोणाच्या घरी आज जायचे, कोणते मूल दवाखान्यात पाठवायचे, आलेले धान्य स्वीकारायचे की परत करायचे, हे सर्व निर्णय प्रथम सेविकाच घेते आणि वरच्या अधिकाऱ्यांना ते बहुधा नंतर कळतात. गोव्यातील मुले तिला ‘बाई’ किंवा ‘टीचर’ म्हणतात. कामाचे स्वरूप पाहता शासनाच्या शब्दापेक्षा मुलांचा शब्द अधिक नेमका वाटतो.

‘अंगणवाडी’ हा शब्द मराठी बालशिक्षणाच्या परंपरेतून आला आहे. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांना शहरातील बालमंदिर गरिबांच्या मुलांपर्यंत पोहोचत नाही असे दिसले, तेव्हा त्यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे काम सुरू केले. तेथे अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या आणि १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या आदिवासी भागात गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, ही त्यामागील कल्पना होती. केंद्रात बसून मुलांची वाट पाहणे हे शिक्षिकेचे काम नव्हे, ही अपेक्षा या कल्पनेत सुरुवातीपासूनच होती. केंद्र शासनाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. पूरक आहार, अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा (पुढील उपचारांसाठी रुग्णालयात पाठवणे) या सहा सेवा तिने एकत्र आणल्या. त्यांपैकी लसीकरण, तपासणी आणि संदर्भ सेवा प्रत्यक्षात आरोग्य खात्याच्या हातात असतात. म्हणजे ज्या कामासाठी सेविकेला जबाबदार धरले जाते, त्यातील बराच भाग तिला दुसऱ्या खात्याच्या परिचारिकेकडून, तिच्यावर कोणताही अधिकार नसताना, करून घ्यावा लागतो.

गोव्यातील बाराशेहून अधिक केंद्रे पणजी येथील महिला व बाल विकास संचालनालयाच्या अखत्यारीत आहेत. संचालनालयाखाली बाल विकास प्रकल्प अधिकारी, त्याखाली केंद्रांना भेटी देणारी मुख्यसेविका आणि शेवटी सेविका व मदतनीस अशी उतरंड आहे. या साखळीत मुख्यसेविकेचे स्थान नाजूक आहे. तिने केवळ नोंदी तपासल्या तर ती निरीक्षक ठरते. नव्या सेविकेजवळ बसून वजनाचा आलेख कसा वाचायचा हे दाखवले, तर तीच तिची खरी शिक्षिका होते. दोन्ही प्रकारच्या मुख्यसेविका आढळतात आणि त्यांच्या भागातील केंद्रे पाहिली की फरक लगेच ध्यानात येतो.

गोव्यातील सेविकेपुढचा प्रश्न अन्य अनेक राज्यांपेक्षा वेगळा आहे. येथे जवळजवळ सर्व प्रसूती रुग्णालयांत होतात, दवाखाना फार दूर नसतो आणि दरडोई उत्पन्नात राज्य देशात वरच्या क्रमांकांवर असते. असे असूनही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) गोव्यातील पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे २६ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. त्याआधीच्या फेरीत (२०१५–१६) हे प्रमाण सुमारे २० टक्के होते. संपन्न राज्यातील कुपोषण सहजासहजी दिसत नाही. मूल चांगले कपडे घालून येते, घरात दूरचित्रवाणी असते, आणि ‘आमचा मुलगा बारीकच आहे, त्याचा बाप पण तसाच होता’ असे आजी सांगते. अशा घरात जाऊन कुपोषण हा शब्द उच्चारणे अवघड असते. अनुभवी सेविका तो उच्चारतही नाही. ती वृद्धी आलेखावरील मागच्या तीन महिन्यांची रेघ दाखवते, बाळ सकाळी काय खाते ते विचारते आणि बिस्किट व चहा यांवर बोलणे आणून ठेवते. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मात्र गोड बोलण्यात वेळ घालवता येत नाही; मूल तातडीने वैद्यकीय तपासणीसाठी पाठवावे लागते.

आहाराचे नियम कायद्याने ठरलेले आहेत. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार तीन ते सहा वर्षांच्या मुलाला दररोज ५०० किलोकॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तर गरोदर व स्तनदा मातेला ६०० किलोकॅलरी व १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळतील इतका आहार देणे तेव्हा बंधनकारक झाले; ही परिमाणे २०२३ मध्ये बदलण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यातून कंत्राटदारांना दूर ठेवून गावातील समूह, स्वयंसाहाय्य गट व महिला मंडळे यांना प्राधान्य देण्याचा आदेश दिला होता. आहार शिजवणारी बाई शेजारच्याच वाड्यावरची असली की सोय होते, तशी अडचणही होते. कच्ची राहिलेली उसळ परत पाठवली तर नात्यागोत्यात बोल लागतो आणि न पाठवली तर मुले ती ताटात टाकून उठतात. येथे सेविकेचे धैर्य कसोटीला लागते. मुलांच्या जिभेला ओळखीची असलेली पेज, नाचण्याचे तिजाण (पातळ खीर), अळसांद्यांची (एक प्रकारच्या चवळीची) उसळ हे पदार्थ पौष्टिकही आहेत आणि खपतातही. पाककृती ठरवताना स्थानिक स्त्रियांना विचारल्याचा लाभ ताटे रिकामी होण्यात दिसतो.

भाषेच्या बाबतीत गोव्यातील केंद्र हे लहानसे गोवाच असते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा झाली आणि मराठीलाही शासकीय व्यवहारात स्थान मिळाले. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत घरची बोली कोकणी आणि बडबडगीते, प्रार्थना व पुढची प्राथमिक शाळा मराठी, असे चित्र सर्रास आढळते; मूल या दोहोंमध्ये अडखळत नाही. वास्को, मडगाव किंवा म्हापसा यांच्या आसपासच्या वस्त्यांत मात्र एकाच सतरंजीवर कन्नड, हिंदी, कोकणी आणि अन्य भाषा बोलणारी मुले बसतात. त्यांतील अनेक मुले बांधकामावर किंवा मासळीच्या धक्क्यावर काम करणाऱ्या कुटुंबांतील असतात आणि काम संपले की कुटुंब दुसरीकडे जाते. घरोघरच्या सर्वेक्षणानंतर आलेले भाडेकरू कुटुंब यादीत नसते, आणि आहारासाठी तर यादीच पाहिली जाते. घरमालक भाडेकरूंची माहिती द्यायला नेहमीच उत्सुक नसतो. अशा वेळी वाड्यावरचा दुकानदार, नळावर येणाऱ्या बायका आणि बांधकामाचा मुकादम यांच्याशी राखलेली ओळख कामी येते. केंद्राच्या नेतृत्वाची गुणवत्ता ठरवताना यादीतील मुलांची हजेरी पाहिली जाते. यादीबाहेरची किती मुले सेविकेला माहीत आहेत हे विचारले, तर मूल्यमापन अधिक खरे होईल.

मुलांच्या निमित्ताने कुटुंबाचे सर्व प्रश्न केंद्रात येतात. पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपयांचे साहाय्य देणारी प्रधानमंत्री मातृवंदना योजना, तसेच महिला व बाल विकास खात्याच्या ममता, गृह आधार, लाडली लक्ष्मी या राज्य योजना यांचे अर्ज, कागदपत्रे आणि अडलेले हप्ते यांची विचारपूस करायला स्त्रिया प्रथम सेविकेकडेच येतात. दारू पिऊन मारहाण करणारा नवरा, लग्नाची घाई झालेली सोळा वर्षांची मुलगी, बोलायला उशीर करणारे मूल हे विषय कोणत्याही अर्जात बसत नाहीत. गोवा बाल कायदा, २००३ हा मुलांच्या संरक्षणासाठीचा राज्याचा स्वतंत्र कायदा असून त्याखाली बाल न्यायालयाची तरतूद आहे. मात्र तक्रार कोठे न्यायची आणि तोवर मुलीला कोणाकडे ठेवायचे, हे सांगणारी जाणती बाई वाड्यावर लागते. सेविका त्याच वाड्यावरची रहिवासी असते. त्यामुळे तिला बातमी लवकर कळते, आणि तिने तोंड उघडले तर ते कोणी उघडले हेही सर्वांना कळते.

सेविकेचा कायदेशीर दर्जा दीर्घकाळ वादाचा राहिला आहे. तिला वेतन नव्हे, मानधन मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अमीरबी खटल्यात अंगणवाडी सेविका नागरी पद (सरकारी नोकरीतील पद) धारण करीत नाहीत असा निर्णय दिला. त्यानंतर २५ एप्रिल २०२२ रोजी मणीबेन भारिया खटल्यात सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र असल्याचे त्याच न्यायालयाने मान्य केले. दर्जा मानसेवी असला तरी मतदार यादीपासून निरनिराळ्या सर्वेक्षणांपर्यंत इतर खात्यांची कामे तिच्याकडे येत राहतात. मार्च २०२१ मध्ये आलेल्या पोषण ट्रॅकर या मोबाइल अ‍ॅपमुळे जाड नोंदवह्यांचा भार कमी होणे अपेक्षित होते. परंतु नेटवर्क नसलेल्या सांगे किंवा काणकोणच्या डोंगराळ वाड्यांवर आधी कागदावर आणि नंतर फोनवर, अशी दुहेरी नोंद करावी लागते. भेटीला गेलेल्या घरात फोनकडेच पाहत बसलेल्या सेविकेशी आई मोकळेपणाने बोलत नाही, हा तोटा कोणत्याही अहवालात येत नाही.

खाजगी बालवर्गांच्या ओढीमुळे तीन ते सहा वयोगटातील मुले अंगणवाडीतून कमी होत असल्याची खंत सेविका व्यक्त करतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर मान्य केला आणि २०२३ मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ या उपक्रमातून सेविकांचे शिक्षणविषयक प्रशिक्षण सुरू झाले. पालकाला मात्र गणवेश, इंग्रजी कविता आणि व्हॅन दिसते. त्याला खेळातून शिकण्याचे महत्त्व भाषणाने पटत नाही. काही सेविका पालकांना तासभर केंद्रात बसवून घेतात आणि मणी ओवणे, गोष्ट सांगणे, चिंचोके मोजणे पाहू देतात. हा उपाय साधा असला तरी त्यासाठी केंद्र स्वच्छ आणि बसण्याजोगे हवे, आणि भाड्याच्या अंधाऱ्या खोलीत ते नेहमीच शक्य नसते.

केंद्र शासनाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेविकेसाठी किमान बारावी उत्तीर्ण ही पात्रता असून, सेविकांची निम्मी पदे पाच वर्षे काम केलेल्या मदतनिसांमधून आणि मुख्यसेविकांची निम्मी पदे तितकाच अनुभव असलेल्या सेविकांमधून भरण्याची तरतूद आहे. यामुळे वीस मुलांची तोंडे धुणाऱ्या, त्यांना जेवू घालणाऱ्या मदतनिसेला पुढची वाट मिळाली. अशी बढती मिळालेली सेविका पहिल्या दिवसापासून प्रत्येक मुलाची आई ओळखते, तर बाहेरून निवडलेली सेविका अभ्यासक्रम लवकर आत्मसात करते. वयाच्या ६५ व्या वर्षी जुनी सेविका निवृत्त होते, तेव्हा अ‍ॅपमधील मुलांची नावे व वजने नव्या सेविकेच्या फोनवर जातात. कोणत्या घरी दुपारी गेले तरच सून एकटी भेटते, हे मात्र जुन्या सेविकेने तिला बरोबर नेऊन दाखवावे लागते, आणि अशा सोबतीच्या काळाची तरतूद या सूचनांत नाही.