दाहक आंत्ररोगातील पूरक वनौषधी उपचार

इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, म्हणजेच आयबीडी किंवा दाहक आंत्ररोग, यावरची नेहमीची औषधे चालू ठेवून त्यांच्या जोडीला वनस्पती, त्यांचे अर्क किंवा त्यांतून वेगळी काढलेली द्रव्ये देण्याच्या पद्धतीला पूरक वनौषधी उपचार म्हणतात. मूळ औषधे बंद करून केवळ वनौषधींवर राहणे हा पर्यायी उपचार होय. तो या नोंदीच्या कक्षेत येत नाही, आणि या रोगात तो धोक्याचा आहे.

आयबीडीमध्ये मुख्यतः दोन रोग येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसमधला दाह गुदाशयापासून वर सलग पसरतो आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरापुरता राहतो. क्रोन रोगात तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मधे निरोगी भाग सोडत आणि भिंतीच्या पूर्ण जाडीत होऊ शकतो. दोन्ही रोग दीर्घकाळ चालतात, कधी शमतात, कधी पुन्हा उफाळतात. औषधाची पारख इथेच अवघड होते, कारण उफाळा आपोआप ओसरत असताना घेतलेल्या कोणत्याही काढ्याला श्रेय मिळून जाते. त्यामुळे प्लासीबो गटाशी, म्हणजे औषधासारखेच दिसणारे पण औषध नसलेले काही घेणाऱ्या गटाशी, तुलना केलेल्या चाचण्यांनाच वजन द्यावे लागते. अशा चाचण्या थोड्या आहेत, बहुतेक लहान आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा अल्सरेटिव्ह कोलायटिसवर झालेल्या आहेत.

सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो हळदीतल्या कर्क्युमिनचा. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या जपानी चाचणीत रोग शमलेल्या रुग्णांना मेसालामाइन किंवा सल्फासॅलाझिन या आतड्याचा दाह कमी करणाऱ्या नेहमीच्या औषधांसोबत रोज 2 ग्रॅम कर्क्युमिन सहा महिने देण्यात आले. त्यांतल्या 43 पैकी 2 जणांचा रोग उलटला. प्लासीबो घेणाऱ्यांत हे प्रमाण 39 पैकी 8 होते. 2015 सालच्या चाचणीत मेसालामाइनची पूर्ण मात्रा घेऊनही रोग आटोक्यात न आलेले सौम्य ते मध्यम तीव्रतेचे 50 रुग्ण होते. रोज 3 ग्रॅम कर्क्युमिन घेतल्यावर महिन्याभरात 26 पैकी 14 जणांचा रोग शमला, प्लासीबो गटात एकाचाही नाही. याउलट नवी दिल्लीच्या एम्समधल्या चाचणीत (2017) दिवसाला 450 मिलिग्रॅम एवढ्या कमी मात्रेचा उपयोग दिसला नाही. स्वयंपाकाच्या हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के असते. त्या हिशेबाने 3 ग्रॅम कर्क्युमिनसाठी 100 ग्रॅम हळद लागेल, म्हणजे दुधात चमचाभर हळद घालून या चाचण्यांचा परिणाम मिळवता येत नाही.

कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसे शोषले जात नाही. मोठ्या आतड्याच्या अस्तरावरच काम हवे असेल, तर ही उणीव सोयीची ठरू शकते. शोषण वाढावे म्हणून कॅप्सुलांमध्ये मिरीतले पायपरिन घालतात. मात्र हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि त्यांतल्या अनेकांत असे शोषण वाढवलेले प्रकार होते.

कोरफडीच्या गराची चाचणी 2004 साली 44 रुग्णांवर झाली. रोज दोनदा 100 मिलिलिटर गर चार आठवडे घेतल्यावर 30 टक्के रुग्णांचा रोग शमला, प्लासीबोने 7 टक्क्यांचा. हे गराबद्दलच झाले. पानाच्या सालीलगतचा पिवळा चीक जहाल रेचक आहे आणि जुलाब वाढवतो. इसबगोलाच्या बियांनी रोग शमलेला ठेवण्यात मेसालामाइनच्या जवळपास काम केल्याचे 1999 सालच्या स्पॅनिश अभ्यासात दिसले. क्रोन रोगात आतडे अरुंद झाले असेल तर मात्र पाण्याने फुगणारे इसबगोल वाट तुंबवू शकते.

काळमेघाच्या अर्काची 224 रुग्णांवरची चाचणी 2013 साली प्रसिद्ध झाली. 1800 मिलिग्रॅम मात्रेने 60 टक्के रुग्णांना गुण आला, प्लासीबोने 40 टक्क्यांना. पुढच्या मोठ्या टप्प्यातली चाचणी मात्र मधल्या विश्लेषणानंतर थांबवली गेली.

सर्वांत बोलके उदाहरण नीळ देणाऱ्या वनस्पतींपासून केलेल्या ‘छिंग दाय’ या चिनी औषधाचे. जपानमधल्या 86 रुग्णांच्या चाचणीत (2018) रोज 2 ग्रॅम घेणाऱ्या 81 टक्के रुग्णांना गुण आला. प्लासीबो गटात हा आकडा 13.6 टक्के होता. वनौषधीच काय, प्रस्थापित औषधांच्या चाचण्यांतही एवढे अंतर सहसा दिसत नाही. पण ही चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. चाचणीबाहेरच्या, स्वतःच औषध विकत आणून घेणाऱ्या एका रुग्णाला फुप्फुसाच्या रोहिण्यांतला रक्तदाब वाढण्याचा गंभीर विकार झाल्याचे कळले होते. ‘वनस्पतीचे आहे, अपाय नाही’ हा समज इथे टिकत नाही.

क्रोन रोगाबाबत पुरावा आणखी विरळ आहे. सालईच्या डिंकाचा अर्क वर्षभर देऊन पाहिलेल्या जर्मन चाचणीत, रोग शमलेला ठेवण्यात तो प्लासीबोहून सरस ठरला नाही. गांजाच्या 2013 सालच्या इस्रायली चाचणीत रुग्णांना बरे वाटले, भूक आणि झोप सुधारली. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हा दाहाचा निदर्शक मात्र खाली आला नाही. दुखणे कमी होणे आणि आतडे भरून येणे या वेगळ्या गोष्टी असल्याने, वनौषधी चालू असतानाही विष्ठेतले कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातल्या दाहाने वाढणारे प्रथिन) आणि दुर्बीण तपासणी यांवरच रोगाची स्थिती ठरवतात.

इतर औषधांशी होणाऱ्या आंतरक्रियाही महत्त्वाच्या आहेत. नैराश्यासाठी घेतले जाणारे सेंट जॉन्स वर्ट यकृतातली औषधे मोडणारी विकरे (एन्झाइम) वाढवून सायक्लोस्पोरिन आणि टोफासिटिनिब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची रक्तातली पातळी उतरवते. अझाथायोप्रिन किंवा मेथोट्रेक्सेट ही अशीच औषधे घेणाऱ्यांच्या यकृताची तपासणी नियमित होतेच. सोबत एखादा अर्क चालू असेल आणि डॉक्टरांना ते ठाऊक नसेल, तर यकृताला इजा झाल्यावर रक्तात वाढणाऱ्या एन्झाइमचा दोष मूळ औषधावर जाऊन तेच बंद होण्याची शक्यता असते.