शाश्वत वीजजाळ्यांचे संगणन : मराठवाड्यातील पीएच.डी. संशोधन

निर्मिती केंद्रापासून ग्राहकापर्यंतच्या तारा, रोहित्रे व उपकेंद्रे यांचे गणिती प्रतिमान मांडून त्यातील दाब (व्होल्टेज), प्रवाह व वीजहानी संगणकाने काढणे, आणि सौर व पवन ऊर्जेचा वाटा वाढत असताना हे जाळे कसे चालवावे हे ठरवणे, हा या संशोधनाचा विषय. विद्युत अभियांत्रिकी, संख्यात्मक विश्लेषण व इष्टतमीकरण (सर्वोत्तम पर्याय शोधण्याचे गणित) यांच्या सीमेवर तो उभा आहे. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत शेतीपंपांचा भार, लांबच लांब ११ केव्ही (किलोव्होल्ट) वाहिन्या आणि पाण्याची टंचाई यांमुळे त्याला स्वतंत्र रूप येते.

विषयाचा पाया म्हणजे भारप्रवाहाचे गणित. जाळ्याच्या प्रत्येक बिंदूवरील भार व निर्मिती ठाऊक असताना तेथील दाबाचे मूल्य व कोन काढायचे असतात. शक्ती व दाब यांचा संबंध अरेषीय असल्याने उत्तर पुनरावृत्तीनेच मिळते. संगणकापूर्वी जाळ्याची लहान प्रतिकृती जोडून मोजमाप घेत. अशी प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहाची प्रतिकृतियंत्रे अमेरिकेत १९२९ च्या सुमारास आली. अंकीय संगणनाचा आरंभ सामान्यतः वॉर्ड व हेल यांच्या १९५६ मधील निबंधापासून धरतात. तथापि छिद्रित कार्डांच्या यंत्रांवर डन्स्टन यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात असे गणित केले होते, म्हणून काही अभ्यासक तो मागे नेतात. स्वयंचलित पुनरावृत्ती ही कसोटी लावल्यास १९५६ हे वर्ष अधिक सयुक्तिक ठरते.

सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या न्यूटन-रॅफसन पद्धतीच्या श्रेयाबाबतही मतभेद आहेत. न्यूटन यांनी १६६९ च्या सुमारास बहुपदीचे मूळ काढण्याची रीत लिहिली, पण ती छापून यायला १७११ उजाडले. रॅफसन यांनी १६९० मध्ये तिला सुटसुटीत पुनरावृत्तीचे रूप दिले. दोघांचीही रीत बीजगणिती होती. कलनाच्या (कॅल्क्युलसच्या) साहाय्याने ती व्यापक करून एकाहून अधिक समीकरणांना लावली ती टॉमस सिम्पसन यांनी, १७४० मध्ये. भारप्रवाहात शेकडो समीकरणे एकदम सोडवावी लागतात. त्या अर्थाने सिम्पसन यांचा वाटा मोठा आहे आणि प्रबंधांच्या ऐतिहासिक प्रकरणात त्यांचे नाव यायला हवे. वीजजाळ्यांत ही पद्धत रुजवण्याचे श्रेय टिनी व हार्ट यांना (१९६७) देण्यास फारसा विरोध नाही: विरळ सारणीचे, म्हणजे बहुतांश शून्ये असलेल्या सारणीचे, गणित वापरून त्यांनी ती त्या काळच्या संगणकांच्या आवाक्यात आणली. स्टॉट व अल्साच यांनी १९७४ मध्ये आणखी वेगवान रूप दिले. तारेचा प्रतिघात (बदलत्या प्रवाहाला चुंबकीय परिणामामुळे होणारा अडथळा) तिच्या रोधापेक्षा (साध्या विद्युत अडथळ्यापेक्षा) पुष्कळ मोठा असतो, हे त्यांचे गृहीतक होते.

उच्चदाब पारेषणाला, म्हणजे दूरवर वीज वाहून नेणाऱ्या तारांना, ते लागू पडते. खेड्यातल्या वाहिनीवर ते कोसळते. ११ केव्ही वाहिनीच्या शाखांवर ‘विझल’ जातीची तार सर्रास आढळते. तिचा रोध दर किलोमीटरला ०.९ ओहमच्या वर, तर प्रतिघात ०.४ ओहमच्या आसपास, म्हणजे गुणोत्तर नेमके उलटे. म्हणून वितरणासाठी मागे-पुढे झाडणीची पद्धत वापरतात: वाहिनीच्या शेपटापासून उपकेंद्राकडे प्रवाहांची बेरीज करत यायचे, मग उपकेंद्रापासून शेपटाकडे दाब काढत जायचे, आणि दोन फेऱ्यांतील फरक नगण्य होईपर्यंत हे चालू ठेवायचे. झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या, कोठेही वेटोळे नसलेल्या वाहिन्यांना ती चपखल बसते.

खरी अडचण भाराच्या प्रतिमानात आहे. एका डीपीवर (शेतातल्या रोहित्रावर) पाच अश्वशक्तीचे वीस-पंचवीस पंप असतात आणि पुष्कळांना ऑटोस्विच बसवलेले असते. गेलेली वीज आली की सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. दाब खचतो, खचलेल्या दाबात मोटारी वेग घेऊ शकत नाहीत, जादा प्रवाह ओढतच राहतात आणि शेवटी फ्यूज उडतो किंवा डीपी जळते. महावितरण ऑटोस्विच काढून कॅपॅसिटर बसवण्याचे आवाहन करते त्यामागे हेच कारण आहे. भार स्थिर शक्तीचा मानणाऱ्या नेहमीच्या भारप्रवाहात ही घटना उमटत नाही. त्यासाठी मोटारीचे गतिकीय, म्हणजे क्षणोक्षणीचा बदल दाखवणारे, प्रतिमान लागते. शिवाय अनेक पंपांना मीटर नसून बिल अश्वशक्तीवर येते, त्यामुळे भार अंदाजानेच धरावा लागतो. मोजमापांवरून जाळ्याची सर्वाधिक संभाव्य स्थिती काढणारी स्थिती-आकलनाची पद्धत (श्वेप्पे, १९७०) येथे उपयोगी आहे, परंतु ती मोजमापे मुबलक असलेल्या पारेषण जाळ्यांसाठी घडली होती.

पद्धती पडताळण्यासाठी संशोधक प्रमाण चाचणी-जाळी वापरतात. ३३ बसांचे (बस म्हणजे जाळ्यातील जोडबिंदू) जाळे त्यांत सर्वांत लोकप्रिय आहे. त्याला आयट्रिपलईचे (विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे) म्हणण्याचा प्रघात असला तरी ते बारान व वू यांच्या १९८९ च्या निबंधातले. दाब १२.६६ केव्ही, एकूण भार ३,७१५ किलोवॅट, मूळ हानी सुमारे २०३ किलोवॅट. १४ बसांचे जाळे तर १९६२ मधील अमेरिकी मध्यपश्चिमेच्या एका भागाचे आहे. तुलनेसाठी ही जाळी आवश्यक आहेत. मात्र त्यांत रब्बीत उसळणारा पंपभार नाही, की आठवड्यागणिक बदलणारे थ्री फेजचे वेळापत्रक नाही. गंगाखेड किंवा अंबाजोगाई परिसरातील एखादी खरी वाहिनी, खांबाखांबाच्या अंतरासह, खुल्या स्वरूपात मांडणे हे नव्या अल्गोरिदमइतकेच मोलाचे संशोधन मानले पाहिजे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेपासून (२०१७) उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प येत आहेत. पंप बंद असलेल्या भर दुपारी वीज उलटी वाहते व दाब चढतो. प्रकल्प कोठे जोडावा, इन्व्हर्टरने रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण दाबावर परिणाम करणारी शक्ती) किती घ्यावी, हे इष्टतम भारप्रवाहाचे (कार्पांतिये, १९६२), म्हणजे जाळ्याच्या मर्यादा पाळून सर्वोत्तम पर्याय निवडण्याचे, प्रश्न होत. येथे दोन पंथ दिसतात. एक जनुकीय अल्गोरिदम, कणसमूह पद्धत अशा अनुमानी रीतींचा. प्रोग्राम लिहायला सोप्या, पण मिळालेले उत्तर सर्वोत्तमापासून किती दूर आहे हे त्या सांगत नाहीत. दुसरा बहिर्वक्र शिथिलीकरणाचा, म्हणजे अवघड अटी सैल करून प्रश्न सोडवता येण्याजोगा करण्याचा (जाबर, २००६ व नंतरचे). त्यातून उत्तर याहून चांगले असू शकत नाही अशी निदान मर्यादा हाती येते, आणि वेटोळे नसलेल्या जाळ्यांत ठरावीक अटींवर उत्तर अचूक असते. मराठवाड्यातील वाहिन्यांची रचना पाहता दुसरा मार्ग अधिक आश्वासक वाटतो.

पीएच.डी.ची सोय डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ (१९५८) व स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड (१९९४) यांच्या कक्षेत आहे. अभियांत्रिकी संस्थांत छत्रपती संभाजीनगरचे शासकीय महाविद्यालय (१९६०) व नांदेडची श्री गुरु गोविंदसिंहजी संस्था (१९८१) या जुन्या. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार पीएच.डी.चा कालावधी किमान ३, कमाल ६ वर्षे.

पाण्याचा प्रश्न निर्मितीच्या नियोजनातही येतो. २०१३ च्या फेब्रुवारीत परळी वैजनाथचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद पडले; २०१५ मध्ये ती वेळ पुन्हा आली. २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने जुन्या केंद्रांसाठी दर मेगावॅट-तासाला ३.५ घनमीटर पाण्याची मर्यादा घातली. त्या दराने २५० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला २१,००० घनमीटर पाणी लागते. पावसाच्या अनिश्चिततेसह असे नियोजन करण्याची पद्धत परेरा व पिंटो यांनी १९९१ मध्ये ब्राझीलच्या जलविद्युत व्यवस्थेसाठी मांडली. तेथे धरणातले पाणी म्हणजे साठवलेली वीज. पैठणच्या १२ मेगावॅटच्या उलटसुलट चालणाऱ्या (वीज बनवणाऱ्या व पाणी परत वर चढवणाऱ्या) जलविद्युत संचाला ते रूप जसेच्या तसे लावता येते. परळीसाठी पाणी शीतकरणाची मर्यादा म्हणून समीकरणात घालावे लागते, आणि पिण्याच्या पाण्याचे आरक्षण आधी वजा करावे लागते.