२१४७४८३६४७ (संख्या)

२१४७४८३६४७, म्हणजेच दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस, ही दहा अंकी मूळ संख्या असून २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केल्यावर ती मिळते. २ च्या एखाद्या घातापेक्षा १ ने लहान असलेल्या मूळ संख्यांना सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांच्या नावावरून मर्सेन मूळ संख्या म्हणतात. लहानापासून मोजल्यास ही त्यांतली आठवी.

अशी संख्या मूळ ठरण्यासाठी घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढ्याने भागत नाही. घातांक ११ घेतला तर २०४७ येते आणि तिचे २३ × ८९ असे अवयव पडतात. इटलीतील पिएत्रो काताल्दी यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी ३१ हा घातांक योग्य असल्याचे म्हटले होते. मात्र त्यांच्याच यादीतील २३, २९ आणि ३७ हे घातांक पुढे चुकीचे ठरले, त्यामुळे त्या विधानावर विसंबता येत नव्हते.

निर्णायक सिद्धता लिओनार्ड ऑयलर यांनी १७७२ मध्ये दिली. तोवर त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या सिद्धतेतील काटकसरीचे मोल कळते. संख्येचे वर्गमूळ ४६,३४० च्या थोडे पुढे आहे. तिथपर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहायचे तर सुमारे ४,८०० भागाकार करावे लागतात. ऑयलर यांनी दाखवले की या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला ६२ ने, म्हणजे ३१ या घातांकाच्या दुपटीने, भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे आणि ८ ने भागल्यावर १ किंवा ७. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ बाकी उरणाऱ्या संख्याच शिल्लक राहतात. त्यांतली पहिली मूळ संख्या ३११. तिने भागल्यास बाकी ३५ उरते. पुढची थेट १३०३. याप्रमाणे फार तर ३७२ भागाकारांत काम संपते, आणि एकही नि:शेष जात नाही.

या संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणले असता २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःखेरीजच्या आपल्या सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी असणारी संख्या, मिळते. याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी कोणी शोधणार नाही, असे इंग्रज गणिती पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये लिहिले होते; १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी १२७ या घातांकाची मर्सेन मूळ संख्या सिद्ध केल्यावर ७७ अंकी परिपूर्ण संख्या हाती आली.

फक्त ० आणि १ वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत ही संख्या सलग ३१ वेळा १ लिहून दाखवली जाते, म्हणून संगणकातील ३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकाची (ज्यात एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी जातो) ती कमाल मर्यादा आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा पूर्णांकात साठवणाऱ्या संगणकांचे घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, या मर्यादेला पोहोचेल.

३१ हा घातांक स्वतःही मर्सेन मूळ संख्या असल्याने ही द्विमर्सेन मूळ संख्या ठरते. अशा चारच ज्ञात आहेत. मात्र हीच संख्या घातांक म्हणून घेतली, तर मिळणारी प्रचंड संख्या संयुक्त असते. तिचा २९,५२,५७,५२,६६,२६,०३१ हा विभाजक ऑयलर यांच्याच नियमात बसतो: त्यातून १ वजा केल्यास २१४७४८३६४७ च्या दुपटीची बरोबर ६८,७४५ पट उरते.