पोहोचलेलं, पण न मिळालेलं पत्र

जुन्या दुर्बिणीला लावायला मी एक वापरलेला आयपीस, म्हणजे डोळा लावायच्या बाजूचं भिंग, ऑनलाइन विकत घेतला. पैसे भरले आणि पुढे नऊ दिवस विक्रेत्याकडून चकार शब्द नाही. दहाव्या दिवशी मी तक्रार नोंदवली, एकच तारा दिला. त्याचं उत्तर आलं ते त्या तक्रारीखालीच : ‘मी तुम्हाला तीन मेल पाठवलेत. एकदा स्पॅम फोल्डर पाहाल का?’

तिन्ही तिथे होते. पहिल्यात त्याने विचारलं होतं, नळीचा व्यास सव्वा इंच आहे, तुमच्या दुर्बिणीला चालेल ना? दुसऱ्यात जादा टपालखर्चाचं पेमेंट बाकी असल्याचं लिहून इन्व्हॉइस जोडलं होतं, लिंकवर क्लिक करून तातडीने भरायची विनंती होती. तिसरा मेल नुसती आठवण. आणि त्या दुसऱ्या मेलला अगदी खेटून एका भामट्याचा मेल होता : तुमचं पार्सल अडकलं आहे, इन्व्हॉइस पाहा, इथे क्लिक करून तातडीने पेमेंट करा. दोन्ही मेल मी शेजारी शेजारी उघडून वाचले. शब्द जवळजवळ तेच. मी तक्रार मागे घेतली, तारे वाढवले, पण एका प्रामाणिक माणसाचं पत्र चोराच्या पंक्तीला बसलं कसं, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

बहुतेकांची समजूत अशी असते की स्पॅम, म्हणजे नकोसे मेल, वेगळे काढणाऱ्या फिल्टरकडे वाईट शब्दांची एक यादी असते आणि त्यातला शब्द सापडला की मेल बाद. सुरुवातीचे फिल्टर खरोखरच तसे होते आणि त्यांचे घोळही तसेच. इंग्रजीत ‘स्पेशालिस्ट’ हा शब्द लिहिताना त्याच्या पोटात ‘सिआलिस’ या औषधाच्या नावाची सहाच्या सहा अक्षरं सलग येतात. हे औषध स्पॅमवाल्यांचं लाडकं. त्यामुळे अक्षरं जुळवून पाहणाऱ्या फिल्टरला एखादा साधा नोकरीचा अर्जही संशयित वाटू शकतो.

यातून वाट काढली ती अठराव्या शतकातल्या एका गणिताने. थॉमस बेझ हे इंग्लंडमधले धर्मोपदेशक. संभाव्यतेवरचा त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ साली प्रसिद्ध झाला. नवा पुरावा हाती आला की आधीचा अंदाज किती बदलायचा, याचा हिशेब त्यात आहे. १९९८ मध्ये संशोधकांनी तो नकोशा मेलना लावून पाहिला आणि २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रामरने त्याची सुटसुटीत कृती मांडल्यावर तो सगळीकडे पसरला. मला ही कल्पना फार आवडते. कुठलाही शब्द मुळात वाईट नसतो, तो कोणाच्या सोबतीला किती वेळा दिसला एवढंच मोजायचं!

प्रत्यक्ष करून पाहू. आकडे हिशेबापुरते घेतले आहेत. समजा ‘पेमेंट’ हा शब्द १०० स्पॅम मेलपैकी ३० मध्ये येतो आणि १०० चांगल्या मेलपैकी १० मध्ये. म्हणजे तो दिसला की स्पॅमची बाजू तिप्पट जड होते. ‘क्लिक’ ४० आणि १०, म्हणजे चौपट. ‘इन्व्हॉइस’ २० आणि १०, दुप्पट. ‘तातडीने’ २५ आणि ५, पाचपट. आता गुणाकार करा : ३ × ४ × २ × ५ = १२०. स्पॅम आणि चांगले मेल सारख्याच संख्येने येतात असं धरलं, तर स्पॅमच्या बाजूला १२० आणि चांगल्याच्या बाजूला १, म्हणून हा मेल स्पॅम असण्याची शक्यता १२१ भागांपैकी १२० भाग, म्हणजे ९९ टक्क्यांहून जास्त. माझ्या विक्रेत्याच्या मेलमध्ये हे चारही शब्द होते.

पण हिशेब इथे संपत नाही. त्याने ‘आयपीस’ असंही लिहिलं होतं. माझ्या १००० चांगल्या मेलमध्ये हा शब्द २५ वेळा येत असेल आणि १००० स्पॅम मेलमध्ये एकदा, तर स्पॅमची बाजू २५ पट हलकी होते. सुरुवातीला माझं नाव घातलं असतं, तर (स्पॅममध्ये १०० पैकी ४, चांगल्यांत ४०) आणखी १० पट. १२० ला २५० ने भागलं की ०.४८ येतात आणि शक्यता उतरते ३२ टक्क्यांवर. मेल इनबॉक्समध्ये! त्याने नाव घातलं नव्हतं. ‘प्रिय ग्राहक’ एवढंच लिहिलं होतं, आणि ‘प्रिय ग्राहक’ तर भामटेही लिहितात.

संगणक हे गुणाकार बहुधा सरळ करत नाही. शेकडो छोटे अपूर्णांक गुणले की उत्तर इतकं बारीक होतं की यंत्राला ते शून्यच दिसतं. म्हणून प्रत्येक आकड्याचा लॉगॅरिदम, म्हणजे गुणाकाराचं काम बेरजेवर आणणारा आकडा, घेऊन बेरीज करायची. वरचे चार शब्द ०.४८ + ०.६० + ०.३० + ०.७० मिळून २.०८ होतात, ‘आयपीस’ आणि नाव मिळून उणे २.४०, शिल्लक उणे ०.३२. शून्याच्या खाली म्हणजे चांगल्यांच्या बाजूला.

या हिशेबात एक भाबडेपणा दडलेला आहे. प्रत्येक शब्द म्हणजे स्वतंत्र साक्षीदार, असं तो मानतो. पण ‘पेमेंट’ आला की मागोमाग ‘इन्व्हॉइस’ येणारच. ते एकाच घरातले. एका साक्षीदाराने पाहिलं, तिघांनी त्याच्याकडून ऐकलं आणि न्यायालयाने चौघांची साक्ष धरली, असा हा प्रकार. पारडं कुठल्या बाजूला झुकतं हे बहुतेक वेळा बरोबर निघतं, पण ९९ टक्क्यांची ती खात्री फुगवलेली असते. व्यापाराच्या मेलला याचा फटका जास्त बसतो, कारण त्याची भाषा ठरावीक आणि शब्द घोळक्याने येणारे. आजचे फिल्टर शब्दांची एकमेकांशी असलेली नाती बरीच लक्षात घेतात. तरी भामटा मुद्दाम विक्रेत्याचीच भाषा उचलतो, तेव्हा ती भाषाच संशयित होते आणि त्याला कुठलंही गणित पुरं पडत नाही.

ग्रॅहम यांना या धोक्याची जाणीव होती. चांगल्या मेलमधले शब्द त्यांनी दुपटीने मोजले, आधी न दिसलेल्या शब्दाला ०.४ म्हणजे थोडं निर्दोषत्वाकडे झुकणारं माप दिलं आणि मेलमधले सर्वांत बोलके १५ शब्दच विचारात घेतले. एखादा स्पॅम सुटला तर तो पुसायला क्षणभर लागतो. खरं पत्र अडकलं तर माझ्यासारखा माणूस निरपराध विक्रेत्यावर तक्रार ठोकतो.

विक्रेत्यांना या बाबतीत जे सल्ले मिळतात, त्यातले बरेचसे मला तोडगे वाटतात. विषयाच्या ओळीत अमुक शंभर शब्द टाळा, ‘मोफत’च्या अक्षरांमध्ये टिंबं घाला. टिंबं घातलेला ‘मो.फ.त’ कुठलाच सरळ माणूस लिहीत नाही. तो जवळजवळ फक्त स्पॅममध्येच सापडतो, म्हणजे साध्या शब्दापेक्षा कितीतरी जड पुरावा. आणि ‘आता एआय आलं, फिल्टर चुकत नाहीत’ ही जाहिरातही तितकीच पोकळ आहे. चांगलं आणि वाईट एकसारखं दिसत असेल, तर यंत्र कितीही हुशार असो, रेघ कुठेतरी मारावीच लागते आणि कुठलीही रेघ काही निरपराधांना पलीकडे ढकलते.

शब्दांइतकंच वजन असतं ओळखीला. ईमेल पोहोचवण्याचे नियम १९८२ मध्ये ठरले तेव्हा पाठवणाऱ्याने सांगितलेलं नाव खरं धरायचं, असाच रिवाज होता. नंतर त्यावर तीन कुलपं चढली. एसपीएफ सांगतं की या डोमेनचे (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाचे) मेल कुठल्या सर्व्हरवरून निघू शकतात. डीकेआयएम मेलवर डिजिटल सही करतं. आणि डीमार्क पाहतं की ‘प्रेषक’ म्हणून दिसणाऱ्या पत्त्याचं डोमेन या दोन्हींपैकी निदान एकाशी जुळतं की नाही. एप्रिल २०१४ मध्ये याहूने जाहीर केलं की आपल्या पत्त्याचे मेल या कसोटीत नापास झाले तर सरळ नाकारा. याहूचा पत्ता लावून दुसऱ्याच सेवेमार्फत ग्राहकांना मेल पाठवणाऱ्या छोट्या व्यावसायिकांचे मेल त्यामुळे परत येऊ लागले. माणसं खरी, पत्ते खरे, पण सर्व्हर परक्याचा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही कुलपं सक्तीची केली आणि तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायला सांगितलं. हजार मेलमागे तिघांनी ‘स्पॅम’चं बटण दाबलं की मर्यादा गाठली!

सर्वांत वाईट आहे ती शांतता. डीमार्कमध्ये नाकारलेला मेल निदान परत येतो, विक्रेत्याला कळतं. फिल्टरने बाजूला टाकलेला मेल मात्र आधी रीतसर स्वीकारलेला असतो. घेणारा सर्व्हर ‘२५० ओके’ असं उत्तर देतो, पाठवणाऱ्याच्या नोंदीत ‘पोहोचला’ असं उमटतं, आणि मेल जातो कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये. ‘तुमचं पत्र संशयित ठरलं’ असं उलट कळवलं जात नाही, त्यालाही कारण आहे. स्पॅमवरचा प्रेषकाचा पत्ता बहुधा चोरलेला असतो, त्यामुळे असं प्रत्येक उत्तर भलत्याच निष्पाप माणसाच्या इनबॉक्सवर आदळेल. म्हणून विक्रेत्याला वाटतं ग्राहक उद्धट आहे, ग्राहकाला वाटतं विक्रेता बुडवा.

त्या तीन मेलवर मी ‘स्पॅम नाही’ हे बटण दाबलं आणि विक्रेत्याला लिहिलं, सव्वा इंच चालेल, टपालखर्च पाठवतो, आणि तक्रारीबद्दल माफ करा. दोन दिवसांनी त्याचा पार्सलचा क्रमांक आला, तो थेट इनबॉक्समध्ये. बटणामुळे आला, की मी त्या पत्त्यावर स्वतः उत्तर लिहिल्यामुळे तो ओळखीचा ठरला म्हणून आला, हे बाहेरून सांगता येत नाही. या वेळी मेलची सुरुवात त्याने माझ्या नावाने केली होती.