आयेल्ट्समध्ये विज्ञान आलं म्हणून घाम कशाला?

दादरच्या क्लासपासून बोरिवली लोकलच्या डब्यापर्यंत एक समज पक्का बसलाय: आयेल्ट्सच्या (IELTS, म्हणजे परदेशी शिकायला-कामाला जाणारे देतात ती इंग्रजीची परीक्षा) तोंडी परीक्षेत विज्ञानाचा विषय निघाला की आर्ट्स-कॉमर्सवाल्यांची विकेट पडलीच. साफ चूक. 11 ते 14 मिनिटांच्या या संभाषणात गुण चार गोष्टींना, तेही समसमान: ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. विज्ञानाच्या ज्ञानाला वेगळा गुण नाही.

दुसऱ्या भागात विषय लिहिलेलं कार्ड मिळतं. 1 मिनिट विचाराला, मग 1 ते 2 मिनिटं बोलायचं. तिथे क्वांटमच्या मागे कशाला लागायचं? वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरची शाळेची सहल सांगा. नाहीतर घरचा कुकर: वाफ कोंडली, दाब वाढला, पाणी शंभर अंशांच्याही वर तापलं, म्हणून डाळ लवकर शिजली. कारण-परिणामाची वाक्यं आपोआप जुळत जातात. ‘विज्ञान मला कधी झेपलंच नाही’ हेही चालतं. फक्त का, ते सांगा.

शब्दसंपदेला गुण आहेत म्हणून काहीजण जडजंबाल शब्द घोकून जातात. (आमच्या ओळखीत असे बरेच!) चुकीच्या जागी बसलेला भारी शब्द उलट नडतो.